चक्कीवाल्या फौजी काकांना, तुमच्या पोट्ट्यांकडून

फौजी काका,
सादर नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाल्याची बातमी आली. आपल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो असा : "काकाले कोनी सांगतलं का?" आता कोणी चाकणला कंपनीत आहे, कोणी नागपूरला, दोघं गावातच वावर पाहतात. बातमी खालिदची होती, पण रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं ते तुमचं आणि 2017 च्या मोसमाचं, जेव्हा हाच खालिद मिझोरामच्या ऐझॉल एफसी या क्लबचा प्रशिक्षक होता. तेव्हाच ठरलं की सगळ्यांच्या वतीनं मी तुम्हाला पत्र लिहायचं, आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आसाम रायफल्समधून निवृत्त होऊन काका वणी-मारेगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात परत आले, चक्की टाकली आणि तिला लागून असलेल्या खोलीत टीव्ही लावला. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी मिझोरामच्या राजधानीत, ऐझॉलला काढली होती. आमच्यासाठी तोवर मिझोराम म्हणजे भूगोलाच्या पेपरात जोड्या लावताना येणारं नाव.

काका, तुम्ही तिथलं सांगायला लागलात की दळण घेऊन आलेला माणूस दळण विसरायचा. डोंगराच्या धारेवर वसलेलं शहर, उतारावर खांब रोवून उभी केलेली घरं, रविवारी कडकडीत बंद बाजार. सपाट जागा शोधून सापडायची नाही, आणि जिथं सापडेल तिथं फुटबॉल चाललेला. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची वस्ती 11 लाखांच्या आत होती आणि आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याची 27 लाखांच्या वर. हे आकडे तुम्ही आम्हाला पाठ करायला लावले होते. "एवढ्याशा राज्याचे पोट्टे कलकत्त्याशी भिडून रायले, तुमी कोनाकडून?" एवढंच विचारायचात. आम्ही ऐझॉलकडून झालो.

महाराष्ट्राचेही दोन संघ तेव्हा आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या फळीच्या फुटबॉल लीगमध्ये होते, मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. आपलं राज्य सोडून तिकडचा संघ कशाला, असं लोक विचारायचे. पण ऐझॉलची कहाणी ऐकल्यावर दुसरीकडे मन लागणार कसं? आदल्या मोसमात तो संघ खालच्या फळीत ढकलला गेला होता. 2016 च्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहन बागाननं त्याला 5-0 नं हरवलं होतं. गोव्याचे काही क्लब लीगमधून बाहेर पडले आणि फुटबॉल महासंघानं ऐझॉलला परत घेतलं, म्हणून त्यांची जागा राहिली. सात वर्षांनी मुंबई एफसी सोडावी लागलेले खालिद जमील तिथं प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्यासोबत मुंबईकडचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे. सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा जरयान, गोव्याचा गोलकीपर अल्बिनो गोम्स आणि बाकी मिझोरामची तरणी पोरं. कॉमेंट्रीत "राणे" ऐकू आलं की आपल्या खोलीत जो गलका व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो.

आता चक्कीचं सांगतो, कारण तुमचे खरे उपकार तिथं आहेत. चक्की आणि टीव्ही एकाच लाईनवर. मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, बल्ब पिवळा व्हायचा आणि डिशचा डबा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला वेळ लागायचा. तेवढ्यात गोल होऊन जायचा. दुसऱ्याच मॅचला तुम्ही पट्टा उतरवलात आणि दारावरच्या पाटीवर खडूनं लिहिलंत, "मॅच आहे, दळण उद्या." बाया डबे घेऊन दारात उभ्या. "आता रातच्याले पोया कायच्या करू?" असं कोणी म्हटलं की तुम्ही घरच्या डब्यातलं पीठ काढून द्यायचात आणि पुन्हा येऊन बसायचात. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पडद्यावरचं पीठ पुसायचात, आणि मॅच सुरू. दळणाचे किती पैसे त्या मोसमात बुडाले, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

ऑफसाइड आम्हाला कळत नव्हता. तुम्ही सुपात तुरीचे आणि गव्हाचे दाणे मांडलेत, एक हरभरा चेंडू म्हणून ठेवलात, आणि तूर गव्हाच्या पुढं कधी असलेली चालते आणि कधी नाही ते दाखवलंत. आज चाकणला कोणाला ऑफसाइड समजवायचा झाला तर मी टेबलावर नट-बोल्ट मांडतो.

22 एप्रिल 2017, शनिवार. त्या साली तूर भरमसाट झाली होती. हमीभाव बोनस धरून 5,050 रुपये क्विंटल आणि बाजारात व्यापारी चार हजारही द्यायला तयार नव्हते, म्हणून जो तो सरकारी खरेदी केंद्रावर. तिथं बारदाना नाही, काटा बंद, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग गेटच्या बाहेर पार रस्त्यापर्यंत. मी आणि बाबा आळीपाळीनं पोत्यांवर झोपत होतो. खरेदीचा शेवटचा दिवस 22 तारीख, आणि नेमकी त्याच दिवशी ऐझॉलला मोहन बागानशी मॅच. दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल त्याचं पारडं जड.

मला रांग सोडून येता येत नव्हतं. तुम्ही फोन केलात, "लाव अन् ठेवू नको." तुमचा मोबाईल तुम्ही पालथ्या डब्यावर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून ठेवला होता. इकडे मी तुरीच्या पोत्यावर, 44 अंशांच्या उन्हात डोक्यावर रिकामं पोतं घेऊन, माझ्या मोबाईलचा स्पीकर चालू करून बसलो. आधी शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, "कोन खेळून रायलं बे?" ऐझॉल म्हटल्यावर, "हे कुठचं होय?" मी तुमच्याच शब्दांत सांगितलं. 11 लाखांची वस्ती, गेल्या वर्षी खाली गेलेला संघ, समोर कलकत्त्याचा एवढा जुना क्लब. दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा माझ्या पोत्यांभोवती पाच-पन्नास गावांची माणसं जमली होती. इंग्रजी कॉमेंट्री कोणालाच धड कळत नव्हती. आवाज चढला की सगळे श्वास धरायचे.

मॅच संपायला थोडाच वेळ उरला असताना फोनमधून नुसता आरडाओरडा आला. कॉमेंट्री बुडाली. मग तुमचा आवाज, "राल्टे! डोक्यानं! गोल रे गोल, आपला गोल!" झोमिंगलियाना राल्टेचा तो 83 व्या मिनिटाचा हेडर मी आजवर मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिलाय, पण तुमच्या आवाजात ऐकला तसा तो पुन्हा कधी दिसला नाही. आपला माल विकला जाईल की नाही याची धास्ती घेऊन बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. ज्यांनी ऐझॉलचं नाव तासाभरापूर्वी ऐकलं होतं ती माणसं.

संध्याकाळी केंद्र बंद झालं. आमचा नंबर लागलाच नाही. 22 तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घ्यायची असं सरकारनं नंतर ठरवलं, पण त्या रात्री हे कोणाला ठाऊक होतं? बाबा बोलत नव्हते. नऊच्या सुमारास तुमची मोटरसायकल आली. हँडलला डबा, त्यात भाकरी, चून आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मॅच जिंकून आलेला माणूस, पण तुम्ही मॅचचं नावही काढलं नाहीत. आधी बाबांजवळ बसलात, तुरीचं विचारलंत, कोणाकडे जायचं, काय कागद जोडायचे ते बोललात. बाबा जेवले. त्यांनीच मग विचारलं, "अन् तुमच्या मॅचचं काय झालं?" तेव्हा कुठं तुम्ही पोत्यांवर उभं राहून राल्टेनं उडी कशी घेतली ते करून दाखवलंत. बाबा हसले. काका, त्या हसण्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

शेवटची मॅच 30 एप्रिलला, शिलाँगमध्ये, तिथल्याच लाजोंग क्लबशी. बरोबरी झाली तरी ऐझॉल चॅम्पियन. गावात लग्न होतं, त्यामुळे तुम्ही टीव्ही बाहेर कडुनिंबाखाली काढला, तर अर्धं वऱ्हाड मांडव सोडून इकडं. लाईन जाईल म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर तयार ठेवला होता. लाईन गेली नाही. नवव्या मिनिटाला लाजोंगच्या डिपांडानं गोल केला आणि सगळे चिडीचूप. हाफ टाइमला तुम्ही चहा सांगितलात आणि म्हणालात, "टेन्शन घेऊ नका, अजून पंचेचाळीस मिनिटं हायेत." 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी केली. मग शिट्टी वाजेपर्यंत कोणी खाली बसलं नाही. ऐझॉल 37 गुण, बागान 36. देशाची लीग जिंकणारा ईशान्य भारतातला पहिला क्लब.

वाजंत्रीवाले समोरच होते, त्यांना तुम्हीच वाजवायला लावलंत. मग फोन काढून ऐझॉलच्या जुन्या सोबत्याला लावलात आणि मिझोत बोलत राहिलात. आम्ही तुम्हाला मिझो बोलताना पहिल्यांदा ऐकलं. एकेकाच्या हाती फोन देऊन तुम्ही प्रत्येकाला हॅलो म्हणायला लावलंत. तिकडून तो माणूस मोडक्या हिंदीत "थँक यू, थँक यू भाई" म्हणत होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चॅम्पियन होऊनही ऐझॉलला आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये, जागा मिळाली नाही, आणि हा अन्याय होता असं मला आजही वाटतं. खालिद आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले. मुंबई एफसी आणि शिवाजियन्स बंदच झाले. ऐझॉल खेळत राहिला. आमच्या ग्रुपवर त्यांच्या मॅचचा स्कोअर अजून पडतो, जिंकले काय आणि हरले काय.

एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीत माझ्या लाईनवर मिझोरामचा एक पोरगा कामाला लागला. बाकीचे त्याला नेपाळी म्हणून हाक मारायचे. तो निमूट काम करायचा, एकटाच जेवायचा. मी त्याच्यासमोर डबा घेऊन बसलो आणि म्हटलं, "झोमिंगलियाना राल्टे, 83 वं मिनिट." त्यानं घास खाली ठेवला. त्या दिवशी आमची जेवणाची सुट्टी संपली तरी बोलणं संपलं नव्हतं. आता आम्ही एकाच खोलीवर राहतो, आणि तुम्हाला भेटायचं म्हणून तो माझ्यामागं लागलाय.

दिवाळीला सगळे येतोय, त्यालाही घेऊन. आम्ही पऱ्हाटीचे भारे रचून गोल मांडायचो त्या शाळेच्या मैदानावर आता लोखंडी गोलपोस्ट उभे करायचं ठरलंय. वर्गणी जमली आहे, शाळेनं हो म्हटलंय, वणीचा वेल्डर बोलून ठेवलाय. मैदान मोजून खड्डे कुठं खणायचे तेवढं तुम्ही आधी ठरवून ठेवा. आणि काकूंना सांगा, ठेचा जरा जास्तीचा लागेल.

तुमचे,
चक्कीवरचे सगळे पोट्टे