सिस्टर, माझी पहिली केमो तुमच्या हातची नव्हती

आदरणीय सिस्टर,

कॅन्सरच्या डे-केअर विभागात रोज इतकी माणसं येतात की मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. दर वेळी खिडकीजवळच्याच खुर्चीचा हट्ट धरणारा, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला माणूस म्हटलं तर कदाचित आठवेल.

पहिल्या दिवशी संमतीपत्रावर सही करताना माझा हात ‘केमोथेरपी’ या शब्दापाशी अडला होता. तुम्ही माझी जुनी फाइल चाळत होतात. मान वर न करताच म्हणालात, “बाविसाव्या वर्षी मानेच्या गाठीचा टीबी झाला होता ना? मग तुमची एक केमो केव्हाच झालीय.”

मला ती थट्टा वाटली. सलाईन लावता लावता तुम्ही दोन वाक्यांत उलगडून सांगितलंत, बाकीचं मी घरी वाचून काढलं. हा शब्द मुळात जंतूंच्या आजारांचा. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला असं रसायन हवं होतं, की जे जंतूला नेमकं गाठेल आणि माणसाला सोडेल. त्याच्या प्रयोगशाळेतलं ६०६ नंबरचं संयुग १९१० साली सॅल्व्हर्सान या नावानं सिफिलिसवर बाजारात आलं. कॅन्सरसाठी असं औषध शिरेतून देणं सुरू झालं ते थेट दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिंफोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं, म्हणजे युद्धातल्या विषारी वायूचंच भावंड. ज्या शब्दानं माझी झोप उडवली होती, त्याच्याच गोळ्या मी तरुणपणी सहा महिने मुकाट गिळल्या होत्या!

मुकाट हा शब्द मुद्दाम वापरला. टीबी मी जगापासून लपवला होता. डबी कपाटात मागे, गोळ्या दार लावून. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी नारिंगी झाली तेव्हा मरणाचा घाबरलो, पण कोणाला विचारलं नाही. त्यामुळे डोक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाची ती लालभडक सिरिंज हातात घेऊन तुम्ही आधीच बजावलंत, “आज-उद्या लघवी लालसर होईल, रक्त समजू नका,” तेव्हा मला हसूच आलं. ही दोन्ही रंगीत औषधं मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेली. आणि माझ्या केमोतलं दुसरं एक औषध, विनब्लास्टिन, सदाफुलीतलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. तेव्हापासून त्या झाडाकडे मी जरा अदबीनं बघतो.

“एवढी चार-चार औषधं कशाला?” हा प्रश्न मी तुम्हाला किमान तीनदा विचारला असेन. तिसऱ्यांदाही तुम्ही वैतागला नाहीत. टीबीला एकच औषध दिलं तर त्याला दाद न देणारे थोडे जंतू मागे उरतात आणि तेच पुढे वाढतात, म्हणून सुरुवातीलाच चार मिळून मारा करायचा. कॅन्सरच्या पेशींचंही बरंचसं तसंच. फरक एवढाच, की जंतू परका असतो, ही पेशी आपल्याच घरातली. औषधाला दिसतं ते फक्त भराभर विभागणं. म्हणून केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि अस्थिमज्जाही त्याच्या तडाख्यात सापडतात. केस का गळतात हे कळल्यावर ते उशीवर दिसले तेव्हा वाईट वाटलं, पण धसका बसला नाही.

खरे आभार मात्र तिसऱ्या डोसाचे. लाल औषध जात असताना हात चुरचुरायला लागला होता. ‘चुरचुरलं तरी लगेच सांगा, सोसत बसू नका’ हे तुम्ही दर वेळी सांगायचात, आणि मी जुन्या सवयीनं सोसत बसलो होतो. तुम्ही माझ्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघितलंत आणि औषध थांबवलंत. सुई न काढता आधी त्यातून जेवढं औषध मागे ओढता आलं तेवढं ओढलंत, डॉक्टरांना बोलावलंत, बर्फाची पिशवी ठेवलीत. (सदाफुलीवाल्या औषधाला उलट गरम शेक लागतो म्हणे. हे सगळं तुम्ही डोक्यात कसं ठेवता?) शिरेबाहेर पाझरलं तर हे औषध कातडी आणि मांस जाळतं, हे मला नंतर कळलं. माझ्या मनगटावर आज फक्त एक फिकट डाग आहे. त्या दिवशी तुम्ही मला रागावलात, हेही बरं केलंत. पुढचे डोस पोर्टमधून, म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेल्या आणि मोठ्या शिरेला जोडलेल्या छोट्या डबीतून झाले.

पाचव्या डोसानंतर दहाव्या दिवशी रात्री थर्मामीटर १००.४ वर गेला. पूर्वीचा मी सकाळपर्यंत थांबलो असतो. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताप म्हणजे तासांचा खेळ, हे तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, म्हणून रात्री दोनला फोन केला. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. एर्लिखच्या व्याख्येनं बघितलं तर कॅन्सरच्या केमोत अडकलेल्या मला पुन्हा जंतूंच्या केमोनंच बाहेर काढलं.

परवाच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. पुढच्या महिन्यात पोर्ट काढायचाय. तुमची ड्यूटी त्या दिवशी कुठली असेल ठाऊक नाही, पण डे-केअरच्या दारातून डोकावून जाईन. मफलर नसेल, तेव्हा ओळख मलाच द्यावी लागेल.

आपला,
खिडकीजवळच्या खुर्चीवरचा पेशंट