एशरची चित्रं बघायला जाताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

नेदरलँड्समधल्या द हेग शहरात, लांगे फोरहाउट रस्त्यावरच्या जुन्या राजवाड्यात डच चित्रकार एम. सी. एशरची छापचित्रं बघायला निघाली आहेस, तर त्याचं ‘बेल्व्हेडेर’ हे चित्र भिंतीवर आहे का ते आधी बघ. कागदावरची कामं आलटूनपालटून लावतात, त्यामुळे सगळी एका वेळी मिळतीलच असं नाही.

१९५८चं हे चित्र. वरचा मजला खालच्या मजल्याशी काटकोनात बसवलाय. एकच खांब निवड आणि तळापासून सावकाश नजर वर ने. खाली तो पुढच्या कठड्यावर उभा असतो, वर मागच्या कमानीला टेकलेला. शिडीचंही तेच, खालचं टोक इमारतीच्या आत आणि वरचं बाहेर. कुठलाही लहान तुकडा तपास, रेखाटन बिनचूक आहे. खोट आहे ती जोडणीत. आता खाली बाकावर बसलेला मुलगा बघ. त्याच्या हातात तसाच अशक्य घन आहे आणि पायाशी पडलेल्या कागदावर, घनाच्या कडा एकमेकींना छेदतात त्या दोन जागांना गोल केलेत. सपाट कागदावर त्या जागी पुढची कड कोणती नि मागची कोणती हे ठरत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. कोड्याचं उत्तर कोड्यातच उघडं ठेवणारा चित्रकार मला फार मोठा वाटतो.

‘धबधबा’ (१९६१) मध्ये लायोनेल आणि रॉजर पेनरोज या ब्रिटिश बापलेकांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला अशक्य त्रिकोण (कागदावर काढता येतो, पण प्रत्यक्षात बांधता येत नाही असा) तीनदा वापरलाय. एक डोळा मिटून, बोट डोळ्यासमोर धरून पाण्याच्या पाटाखालचे फक्त खांब झाक (काचेला हात लावायचा नाही). पाट आडवा, लांब जाताना दिसेल. बोट काढलंस की तोच पाट मजल्यामजल्याने वर चढतो. आपल्याला फसवतात ते खांब, पाणी नव्हे.

छपाईकडेही लक्ष दे, लोक ती सोडूनच देतात. ‘दिवस आणि रात्र’ (१९३८) हा वुडकट आहे. लाकडात जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, उरलेल्या उंचवट्याला शाई लागते. काळ्या आणि करड्या शाईसाठी दोन वेगळे ठसे; ते तंतोतंत जुळले नाहीत तर पक्ष्यांच्या कडा बिघडणार. लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप. दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट भागाला चिकटते. म्हणून तिथे मऊ, दाणेदार करडा रंग मिळतो. दोन्हींत छाप उलटी येते, म्हणजे डावं-उजवं आधीच उलटं काढावं लागतं.

‘मेटामॉर्फोसिस २’ जवळजवळ चार मीटर लांब आणि जेमतेम वीतभर उंच आहे. पुस्तकात त्याचे तुकडे होतात. इथे डावीकडून उजवीकडे चालत बघ. मधमाश्या, मासे, पक्षी कुठे बदलायला लागतात ते चालतानाच पकडता येतं.

प्रकाश मंद असेल, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), कारण उजेडाने कागद पिवळा पडतो. डोळे सरावायला काही मिनिटं दे. काचेत प्रतिबिंब आलं तर अर्धं पाऊल बाजूला सरक. फ्लॅश नको. पेनऐवजी पेन्सिल आणि छोटी वही ने. पहिली फेरी न थांबता मार, मग तीनच चित्रं निवडून त्यांच्यापुढे उभी राहा.

तुझी,
आई