किंमत छापता तसा गाडीमागचा कागदही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या मसल कार्सवर लेख आला होता, फोटो झकास होते, वाचायलाही मजा आली, पण त्यात एक वाक्य होतं की व्हिन नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीवर कारखान्यात ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, बघितला की गाडी अस्सल आहे का ते लगेच कळतं, आणि त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. तसं कळत नाही हो. काही गाड्यांचं कळतं, काहींचं अजिबात नाही, आणि आपली पोरं इकडे ज्या गाड्यांच्या मागे लागतात त्यातल्या बऱ्याच नेमक्या दुसऱ्या प्रकारातल्या असतात.

मी डेट्रॉइटच्या शेजारी राहतो. इथल्या गाड्यांच्या कंपन्यांमध्ये मराठी इंजिनिअर भरपूर आहेत, आणि दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते, ते एकदा बघितलं की माणूस घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत विक्रीच्या जाहिराती चाळत बसतो. हौस चांगलीच आहे, मला स्वतःला आहे. पण त्या हौसेत पन्नास हजार, लाख डॉलर जातात आणि ते बऱ्याचदा पुण्या-नाशिकच्या फ्लॅटसाठी बाजूला काढलेले असतात, म्हणून जीव तुटतो.

घोळ कुठे आहे बघा. मसल कार म्हणजे बहुतेक वेळा साधी मधल्या आकाराची घरगुती गाडी आणि तिच्यात घातलेलं दांडगं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ घ्या, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं असं मानतात. पाँटिअॅक हा जनरल मोटर्सचाच ब्रँड, आणि तेव्हा जनरल मोटर्सचा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या मंडळींनी पळवाट काढली, जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता टेम्पेस्ट लमान्स या आपल्या साध्या गाडीवर सुमारे २९५ डॉलरचं ऑप्शन पॅकेज म्हणून विकायला ठेवलं, आत ३८९ चं इंजिन. त्या पळवाटेचा त्रास आजच्या गिऱ्हाइकाला होतो, कारण १९६४ आणि ६५ च्या व्हिन नंबरात जीटीओ कुठेच नाही, तिथे नुसती लमान्स दिसते. १९६६ ला जीटीओ वेगळं मॉडेल झालं आणि नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला, तिथून पुढे सोपं आहे. त्याआधीच्या गाडीसाठी पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फी भरून मूळ बिलाच्या नोंदीची प्रत मागवायची, ती नसेल तर समोर उभी आहे ती लमान्स असं धरूनच बोलणी करायची.

शेवरले शेवेलचं तर बरोबर उलटं झालंय. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, शेवेलची जोरदार आवृत्ती. १९६६ ते ६८ ची एसएस ३९६ व्हिन नंबरावरून ओळखता येते, सुरुवातीलाच १३८ असतं, आणि १९६९ पासून एसएस नुसतं ऑप्शन झालं त्यामुळे नंबर गप्प. म्हणजे १९७० ची एसएस ४५४, एलएस-६ इंजिनवाली, ४५० हॉर्सपॉवरची, जिच्यासाठी लोक वेडे होतात, तिचा व्हिन नंबर आणि मालिबूचा, म्हणजे साध्या व्ही-एट शेवेलचा, व्हिन नंबर यात हे कळण्यासारखं काहीच नाही! बॅज, पट्टे, बॉनेट, सीट सगळं नवीन बनवलेलं बाजारात मिळतं. १९६९ च्या कॅमारोची तर आख्खी बॉडीच नवीन मिळते.

मागे ओळखीतल्या एका मुलाबरोबर ओहायोत अशीच एक शेवेल बघायला गेलो होतो. जाहिरातीत मॅचिंग नंबर्स (म्हणजे गाडीचं मूळचंच इंजिन), एलएस-६, चार गिअर असं सगळं लिहिलेलं. शेवरलेच्या व्ही-एटला पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या ओतीव मुख्य भागावर, एक छोटी सपाट जागा असते, तिथे इंजिनचा कोड आणि गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. फडक्याने पुसून टॉर्च आडवी धरली. कोड बरोबर होता, सीआरव्ही, म्हणजे मॅन्युअल गिअरची एलएस-६. पण कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर कापला जातो त्याच्या बारीक समांतर रेघा तिथे राहतात आणि आकडे त्या रेघांवर ठोकलेले असतात, इथे रेघाच नव्हत्या, काचेसारखं गुळगुळीत. आता एवढ्यावरून कोणाला चोर म्हणू नये, इंजिन रीबिल्ड करताना ब्लॉक परत मशीन केला की रेघा जातात, पण मग जुने आकडेही जायला हवेत ना, गुळगुळीत जागेवर ठसठशीत आकडे म्हणजे ते नंतर ठोकलेत. पुढे आरसा घालून ब्लॉकवरची कास्टिंगची, म्हणजे ओतकामाची, तारीख शोधली तर डी १४ ०, म्हणजे १४ एप्रिल १९७०. आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, बॉडीच्या पट्टीवर तारीख होती ०३बी, मार्चचा दुसरा आठवडा. गाडी तयार झाली मार्चमध्ये आणि तिचं इंजिन ओतलं एप्रिलमध्ये, हे कसं जमायचं? विकणारा माणूस वाईट वाटला नाही, त्यालाही कोणीतरी तशीच गळ्यात मारली असणार. आमच्या पोराने हात जोडले आणि परत आलो.

तारखांचा हा क्रम कुठल्याही गाडीला लावता येतो, आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळवतात, मग गाडी, आणि मधलं अंतर काही दिवस ते काही आठवडे असं असायला हवं.

क्रायसलरच्या गाड्यांत त्या मानाने बरं आहे, व्हिनचं पाचवं अक्षर इंजिनचं, १९७० मध्ये आर असेल तर ४२६ हेमी, व्ही असेल तर तीन कार्बुरेटरची ४४०. शिवाय इंजिनच्या खोलीत फेंडर टॅग, म्हणजे गाडीत काय काय घातलं त्याच्या कोडची पट्टी, असतो आणि नशीब असेल तर मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये कारखान्यातली ब्रॉडकास्ट शीट किंवा बिल्ड शीट, म्हणजे गाडी कशी जुळवायची त्याचा कागद, अडकलेली मिळते. फोर्डमध्येही पाचवं अक्षर इंजिनचंच, आणि १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो, तो केविन मार्टी फोर्डच्याच नोंदींवरून बनवतात. शेवरलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची अशी नोंद मागवून मिळत नाही, कॅनडात विकलेल्यांच्या नोंदी मात्र जनरल मोटर्सच्या तिकडच्या शाखेकडे राहिल्या, त्यामुळे कॅनडाची गाडी दिसली तर आधी तोच कागद विचारावा. आणि व्हिनची पट्टी काढून दुसऱ्या बॉडीवर लावलेली असू शकते, हा इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे तरी होतं, म्हणून कॅमारोत हीटरच्या डब्यामागे फायरवॉलवर लपलेला नंबर असतो तो जुळतो का बघायचा.

आपल्याकडे जमीन घेताना माणूस रानातली माती बघतो पण पैसे मोजतो ते सातबारा बघून, तसं आहे हे. तुमच्या लेखात क्रायसलरच्या १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा उल्लेख आहे, २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने २१ कोटींच्या घरात. बरोबर आहे, पण तसल्या फक्त ११ बनल्या आणि ती त्या ११ मधली आहे हे सिद्ध करता येतं म्हणून ती किंमत. लेखात असंही म्हटलंय की नवा रंग आणि नवं क्रोम केलं की भाव चढतो. नट स्टीव्ह मॅक्वीनने ‘बुलिट’ सिनेमात पळवलेली हिरवी १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली ती रंग उडालेली, गंज धरलेली, तशीच्या तशी. तिचीच जोडीदार, स्टंटसाठी वापरलेली, २०१७ मध्ये मेक्सिकोत भंगारात सापडली, आणि तीसुद्धा केविन मार्टी यांनी स्वतः जाऊन नंबर तपासल्यावरच लोकांनी मानली.

क्लोन, म्हणजे साध्या गाडीची केलेली नक्कल, घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. मालिबूला एसएस बनवून मजेत चालवणारे इथे पुष्कळ आहेत आणि ती गाडी तितकीच जोरात पळते, फक्त पैसे मालिबूचे आणि वर झालेल्या कामाचे द्यावेत. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या भावांच्या यादीत एक ते चार असे कंडिशनचे नंबर असतात, एक म्हणजे प्रदर्शनात ठेवण्यासारखी, चार म्हणजे चालते पण दोष उघड दिसतात. जाहिरातदार बहुतेक एक नंबरचा भाव सांगतो आणि गाडी तीन नंबरची असते. भाव ठरवायच्या आधी त्या मॉडेलची माहिती असलेल्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे देऊन गाडी बघायला लावावी, विकणाऱ्याने सुचवलेला माणूस नको.

तुमचा पेपर इकडे रोज सकाळी फोनवर वाचला जातो आणि त्यातल्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात. त्यामुळे पुढच्या वेळी लिलावाची किंमत छापाल तेव्हा त्या गाडीबरोबर बिल्ड शीट होती, बिलाची प्रत होती, का नुसता बॅज होता, एवढी एक ओळ तिथेच टाका. व्हिन नंबरबद्दलचं ते वाक्य दुरुस्त करून छापलंत तर फार बरं होईल.

आपला एक जुना वाचक,
ट्रॉय, मिशिगन