ताडाच्या गराचं दही

केळवे,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय शुभा,

गेल्या जन्माष्टमीला तू कोलकात्याहून फोनवर सांगितलंस की शेजारच्या माशीमांनी तालेर बडा आणून दिला, पिकलेल्या ताडाच्या गराचे गोड वडे. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते फळ जात नाही. वैशाखात ताडगोळे सोलून आपली बोटं काळी पडायची, पण पावसाळ्यात रात्री धपकन पडणारं पिकलं फळ कुणी घरात आणलेलं तुला आठवतं का? मला नाही आठवत. गुरं चघळायची, उरलेलं कुजायचं. ताडावर चढणारे आता कमी झालेत, त्यामुळे उंच झाडांवरचे घड तसेच पिकतात. यंदा मी टोपली घेऊन पहाटे बांधावर जायला लागले.

फळ जांभळट काळं, नारळाएवढं. आत बहुधा तीन बाठे, त्यांना केसांसारख्या रेषा आणि त्या रेषांत अडकलेला केशरी गर. बाठा थोड्या पाण्यात भिजवून चाळणीवर घासत बसायचं. मनगट भरून येतं आणि हाती येतो फळामागे वाटी-दीड वाटी गर. वास मात्र घरभर! पिकल्या आंब्याच्या जवळचा, पण त्याहून दाट. हा वास दह्यात उतरवायचा, एवढंच माझं म्हणणं होतं.

पहिलं दही थुंकून टाकावं लागलं. गोड लागतं आणि मग घशात कडू उतरतं, कारल्यासारखं नव्हे, रिठ्यासारखं. ती उपमा अगदीच चुकीची नव्हती. ताडाच्या गरात फ्लॅबेलिफेरिन नावाची सॅपोनिनं असतात, आणि रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनांमुळेच. उकळून पाहिलं, साखर वाढवून पाहिली. कडू ते कडूच. श्रीलंकेतल्या संशोधकांनी नॅरिंजिनेज हे विकर वापरून हा कडूपणा तोडला आहे, पण ते मी केळव्यात कुठून आणू?

मग तुला रात्री साडेदहाला फोन केला होता, आठवतं? माशीमांचं उत्तर तू सहज सांगून टाकलंस: गर फडक्यात बांधून टांगायचा, तेतो जल, म्हणजे कडू पाणी, गळून जातं. अगं, चक्क्यासारखं! आपण श्रीखंडासाठी जन्मभर पंचा टांगतो आणि मला हे सुचू नये. रात्रभर टांगला. खाली साठलेलं पाणी जिभेला लावलं तर कडूजहर, आणि पंच्यात राहिलेला गर मऊ, गोड. झाडागणिक फरक पडतो तो वेगळाच. विहिरीजवळच्या ताडाचा गर मी आता घेतच नाही.

दह्याचं गणित त्यामानाने सोपं. दूध ८५ अंशांवर अर्धा तास ठेवते, म्हणजे एरवी निवळीत उतरणारी प्रथिनं केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला धरतात आणि दही पाणी सोडत नाही. ४३ अंशांवर आणून विरजण, चारपाच तासांत लागतं. गर आधी घातला तर दही नीट लागत नाही, म्हणून लागलेलं दही थंड करून मग हलक्या हाताने ढवळते. शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम गर घातला तर वास पुसट, पंधराला दही सैल. बारावर थांबले आहे. गर मात्र न तापवता घालायचा नाही. मी एकदा घातला आणि आठवड्याने फ्रीजमधल्या डब्यांची झाकणं फुगली. ताडाची ताडी ज्या यीस्टमुळे होते, ती फळावरही असणारच. आता गर साखरेबरोबर ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवते.

एका डेअरीवाल्यांना चव दिली. म्हणाले, रंग छान आहे, वर आंब्याचा इसेन्स घाला म्हणजे खपेल. शुभा, मला इतकं वाईट वाटलं! आंब्याचं दही करायला आंबा आहे की. जाफन्याचे लोक हाच गर उन्हात थरावर थर वाळवून, आपल्या आंब्याच्या साठासारखा, वर्षभर खातात. त्याला पिनाट्टु म्हणतात. बंगालात जन्माष्टमी या गरावाचून होत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर एवढे ताड उभे असताना आपण त्याचं नाव लपवून विकायचं? मी डब्यावर 'ताड' असंच लिहिणार आहे. वाडीतल्या बायका टोपलीमागे पैसे घेऊन फळं आणून देऊ लागल्यात, त्यांनाही ते नाव वाचता आलं पाहिजे.

आता तुझ्याकडे एक काम. माशीमांना विचार, गर किती तास टांगतात, आणि टांगण्याआधी पाणी घालतात का. माझ्या पंच्यात थोडा गोडवाही गळून जातो, तो वाचवायचा आहे. दिवाळीला येशील तेव्हा फळं संपलेली असतील, म्हणून चार डबे गर तुझ्या नावाने फ्रीझरमध्ये ठेवला आहे.

तुझी,
मंदा