बोलण्याआधी बोट पाहा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत घरोघरी वर्ष-दोन वर्षं जातात आणि स्वमग्नता (ऑटिझम) लवकर ओळखायची वेळ निसटते. दीड वर्षाचं मूल कावळा दिसला की बोट करतं आणि लगेच आईकडे वळून बघतं; 'तूही बघ' असं त्याला म्हणायचं असतं. बिस्किटासाठी आईचं मनगट धरून डब्यापर्यंत ओढत नेणं वेगळं; त्यात फक्त मागणी असते, 'तूही बघ' नसतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची 'एम-चॅट-आर' ही पालकांना विचारायच्या २० प्रश्नांची प्राथमिक चाळणी अशाच गोष्टी विचारते. गुण जितके जास्त तितकी शंका अधिक: ३ ते ७ गुण आले तर पुन्हा सविस्तर विचारपूस, ८ किंवा अधिक आले तर थेट तज्ज्ञांकडे. हे निदान नव्हे. शिवाय कमी ऐकू येत असलं तरी बोलणं लांबतं, म्हणून श्रवणचाचणी हवीच. १६ ते २४ महिन्यांदरम्यान बूस्टर डोससाठी बाळ येतंच, तेव्हाच हे प्रश्न विचारायला आरोग्य खात्याने सांगावं.

– एक बालमानसशास्त्रज्ञ, पुणे