काका, कवच कडेवर उभं करून दाखवलंत त्याबद्दल

काका,
सप्रेम नमस्कार.

प्रबंध एकदाचा सादर झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण तिथे सगळ्यांच्या वाट्याला एकेकच ओळ आली. तुमचं त्या एका ओळीत भागणारं नाही.

अरबी समुद्राच्या तळातला गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन, वाळवून ट्रेमध्ये पसरला की मी पुस्तकातली चित्रं घेऊन फोरॅमची, म्हणजे कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची, नावं जुळवत बसायचे. तुम्ही एकदा स्टूल ओढलंत, ब्रशचं टोक ओलं केलंत आणि मायक्रोस्कोपखाली एक कवच अलगद कडेवर उभं केलंत. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. "हा गाळाच्या वर राहणारा." मग कप्प्यांच्या दोन रांगांची, चपटी, निमुळती बोलिव्हिना. "ही आत घुसणारी. नाव नंतर बघ, आधी ती राहत कशी असेल ते बघ."

कवचाच्या आकारावरून राहण्याची जागा ओळखता येते, हेच सागरशास्त्रज्ञ ब्रूस कॉर्लिस यांनी अटलांटिकमधल्या जिवंत फोरॅमवरून 1985 मध्ये मांडलं होतं. तो लेख मी वाचलाही होता, पण डोळ्यांना ते कळलं तुमच्या ट्रेवर. आपल्या समुद्रात तर ते फारच कामाचं. मान्सूनचे वारे खालचं पोषक पाणी वर आणतात, प्लवक माजतं, मरून खाली जाताना कुजतं आणि साधारण 150 ते 1200 मीटर खोलीवर प्राणवायू जेमतेम उरतो. तिथे लांबट, चपट्या किंवा युव्हिजेरिनासारख्या मक्याच्या कणसागत दिसणाऱ्या कवचांची चलती असते. तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या गाभ्यातल्या एखाद्या थरात त्यांचं प्रमाण वाढलं की हजारो वर्षांपूर्वी तळाशी काय चाललं होतं, याचा अंदाज बांधता येतो.

अंदाजच, हेही तुमचंच. खायला भरपूर असलं तरी आत राहणारे वाढतात, मग प्राणवायू घटला असं लगेच कसं म्हणायचं? तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. उत्तर तयार होतं, कारण चहाच्या वेळी तुम्ही तो कितीदा तरी विचारला होता. (तेव्हा राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.)

एक काम मात्र राहिलंय. कपाटातल्या जुन्या स्लाइडांवरचं तुमचं पेन्सिलीतलं अक्षर आम्हाला कुणालाच लागत नाही. गोव्याला याल तेव्हा तेवढं वाचून द्या. चहा माझ्याकडून.

तुमची,
खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपवाली