फ्रान्सला जाताना पंचांग सोबत ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांतून फ्रान्स येतो तो पॅरिस आणि आयफेल टॉवरपुरता. कोकणी माणसाला घरच्यासारखा वाटेल असा त्या देशाचा भाग मात्र पश्चिम टोकाला आहे: ब्रिटनी, फ्रेंच उच्चारात ब्रतान्य. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या ज्या बैठकीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत ब्रिटनीतल्या कार्नाकच्या उभ्या दगडांच्या रांगाही गेल्या. हे नवाश्मयुगातले दगड तीन हजारांच्या आसपास आहेत.

हा प्रांत मुळात फ्रेंच नव्हेच. पाचव्या-सहाव्या शतकात ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्यांची ब्रेटन भाषा वेल्शची बहीण आहे, फ्रेंचची नाही. इथली राज्यकर्ती डचेस अॅन हिची लग्ने १४९१ आणि १४९९ मध्ये लागोपाठ दोन फ्रेंच राजांशी झाली आणि १५३२ मध्ये तिचे हे राज्य फ्रान्समध्ये विलीन झाली, पण काही सवलती राखून. त्यांतली एक मिठावरच्या कराची माफी. बाकी फ्रान्समध्ये मीठ महाग असताना इथे लोणी खारवून टिकवणे परवडत होते. आजही इथल्या घरांत लोणी म्हणजे खारेच.

सँ-मालो हे तटबंदीचे बंदर पाहताना आंग्रे आठवतातच. इथल्या रोबेर सुर्कुफने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे ‘केंट’ हे मोठे जहाज पकडले. त्याच्याकडे सरकारी परवाना होता, आंग्र्यांकडे सरखेलीची वस्त्रे. इंग्रजांच्या लेखी दोघेही चाचेच. तटाआतली बरीच घरे १९४४ च्या बॉम्बफेकीनंतर पुन्हा उभारलेली आहेत, तट मात्र जुनाच. समोरच्या खडकावर फ्रेंच लष्करी अभियंता वोबाँच्या आराखड्यावरून १६८९ मध्ये बांधलेला फोर नास्योनाल हा किल्ला आणि बाजूचे ग्राँ बे बेट, दोन्हींकडे कुलाबा किल्ल्यासारखेच ओहोटीत चालत जायचे.

इथेच माणसे फसतात. अलिबागला उधाणात पाणी साधारण चार मीटर चढते. सँ-मालोत बारा मीटरच्याही वर. चढण्याचा वेग सहा तासांत सारखा नसतो. बारा मीटरची भरती धरली तर पहिल्या तासाला एक मीटर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासात ‘समुद्र अजून लांब आहे’ म्हणून बेटावर रेंगाळलेल्याला पुढे दर दहा मिनिटांना अर्धा मीटर पाणी गाठते. फरसबंद वाट बुडाली की पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच. पाणी वळताच परत फिरायचे, आणि बुडत्या वाटेवर पाय घालायचा नाही, गुडघाभर दिसले तरी.

आपले तिथीच्या पाऊणपटीचे गणितही (तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ) तिथे चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे बाराच्या सुमारास भरती. सँ-मालोत त्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी ओहोटी. तारखा ठरवायला मात्र पंचांगच उपयोगी. मोठे उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते, आणि सर्वांत मोठी उधाणे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास. तिथल्या भरतीच्या तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे २० ते १२० मधला एक आकडा असतो. ७० म्हणजे मध्यम, ४० म्हणजे आपला भांग (सर्वांत कमी चढणारी भरती), १०० च्या वर गेला तर तटावरून लाटा पाहण्यातच शहाणपण. (कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर असा रोजचा आकडा फळ्यावर लिहायला खडूचाच काय तो खर्च येईल.) हीच भरती कामालाही लावली आहे: जवळच्या राँस नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॉटचे भरती-वीज केंद्र चालू आहे.

पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून थेट रेल्वेने सँ-मालो सव्वादोन-अडीच तासांवर आहे. स्थानकातून तटापर्यंत पायी वीस मिनिटे.

जेवणाची चिंता नको. इथला ‘गालेत’ म्हणजे घावनाचा चुलतभाऊ, तांदळाऐवजी उत्तरेत उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाचा. ३३० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम जाडे मीठ, पाऊण लिटर पाणी. भिजवून दोनेक तास ठेवायचे. या पिठात चिकटा नसतो, म्हणून न मुरवता घातले तर ते फाटते, आणि तवा पुरेसा तापला नसेल तर पसरवायच्या लाकडी दांडीबरोबर सगळे ओढत येते. पहिले बिघडते ते तिथेही. ‘कोंप्लेत’ मागवले की त्यात अंडे, चीज आणि डुकराचे मांस येते. नको असेल तर ‘सां जांबाँ’ म्हणावे. अंडेही चालत नसेल तर नुसते चीजचे, ‘फ्रोमाज’, मागावे.

आपले,
काही वाचक, अलिबाग (जि. रायगड)